पळणीला नेलेली तेरा पिल्लं

चिमणीचं पिल्लू आणि कोंबडीचं पिल्लू यांत फरक काय, हे मी माझ्या काकांना तीनदा समजावून सांगितलं होतं. पडवीत बसून, पाटीवर चित्रं काढून सांगितलं होतं. त्यांनी तिन्ही वेळा मान डोलावली. काकांनी मान डोलावली म्हणजे समोरच्याचं बोलणं कधी संपतंय याची ते वाट बघतायत, एवढाच त्याचा अर्थ असतो, हे मला तेविसाव्या वर्षी तरी कळायला हवं होतं. कळलं नाही. त्या गोष्टीचा राग मला अजून येतो, आणि हे लिहिताना मी तो आवरून धरणार नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आमचं गाव मालवणपासून एसटीने तासाभरावर. वडील मी लहान असतानाच गेले. आईला आणि मला सांभाळलं ते या थोरल्या काकांनी. ते गावचे मानकरी, म्हणजे देवळातल्या प्रत्येक कामात त्यांचा शब्द आधी. त्यांनीच मला घाटावरच्या विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकायला पाठवलं, आणि भावकीतल्या लोकांनी नाकं मुरडली तेव्हा त्यांनाच चार शब्द सुनावले. हे मी आधी सांगून ठेवते, कारण पुढे मी त्यांच्याबद्दल बरंच वाईट बोलणार आहे.

एम.फिल.ला माझा विषय होता चिमणीची पिल्लं आणि त्यांची थायरॉइड ग्रंथी. मानेच्या बुडाशी दोन बाजूंना दोन इवले दाणे असतात, मोहरीपेक्षाही बारीक. त्यांतून जो रस रक्तात उतरतो त्यावर पिल्लाचं सगळं अवलंबून. हाडं वाढणं, मेंदू तयार होणं, पिसं फुटणं, आणि मुख्य म्हणजे अंगात स्वतःची ऊब तयार होणं. कोंबडीच्या पिल्लात हा रस अंड्यातच, शेवटच्या दोन-चार दिवसांत भरभरून येतो. म्हणून ते बाहेर पडतं तेच डोळे उघडे, अंगावर लव, पायांत बळ घेऊन, आणि दुसऱ्या दिवशी आईमागे कणी टिपत फिरतं. चिमणीचं पिल्लू अंड्यातून येतं तेव्हा त्या ग्रंथी जवळपास झोपलेल्याच असतात. आंधळं, उघडं, गुलाबी मांसाचा गोळा. हवा थंड तर ते थंड, हवा गरम तर ते गरम. आई अंगाखाली घेईल तेवढीच त्याची ऊब. मग दिवसागणिक ग्रंथी जाग्या होत जातात, रस वाढत जातो, आणि आठव्या-नवव्या दिवसाच्या सुमारास पिल्लू स्वतःची शेगडी स्वतः पेटवायला लागतं. हा बदल नेमका कुठल्या दिवशी, कसा होतो, ते मला आकड्यांत पकडायचं होतं.

आमचं घर या कामाला सोयीचं होतं. नळ्यांच्या छपराखाली, वाशांच्या बेचक्यांत आणि माजघरातल्या तसबिरींमागे चिमण्यांची घरटी कायम असायची, आणि चिमण्यांना हंगामाचं फारसं बंधन नसतं. मी मालवणातल्या एका सोनाराचा जुना काटा मागून आणला होता. रोज सकाळी सातला शिडी लावायची, पिल्लं उतरवायची, वजन करायचं, मग एकेकाला दहा मिनिटं पत्र्याच्या वाटीत ठेवून अंगाची ऊब किती उतरते ते बारीक थर्मामीटरने बघायचं आणि परत घरट्यात. कुठलं पिल्लू कुठलं हे कळावं म्हणून नखांना लाल नेलपॉलिश लावलं होतं, एकाच्या एका नखाला, दुसऱ्याच्या दोन नखांना, असं. मोठ्या पिल्लांच्या रक्ताचे थेंब घ्यायचे तर ते थंड ठेवायला हवेत, आणि गावात फ्रीज कुठला. म्हणून मी दर दोन दिवसांनी मालवणच्या बंदरावर जाऊन मासळीवरचा बर्फ थर्मासमध्ये भरून आणत असे. पुढे विद्यापीठात तो थर्मास उघडला की माझ्या मार्गदर्शक सरांना बांगड्याचा वास यायचा आणि ते तोंड वाकडं करायचे.

त्या वेळी तीन घरट्यांत मिळून तेरा पिल्लं होती. सर्वांत लहान पाच, दोन दिवसांची. मधली चार, सहा दिवसांची. मोठी चार, दहा दिवसांची. तिन्ही वयं एकाच वेळी हाताशी, असा योग पुन्हा येणं कठीण. सरांनी मला स्पष्ट सांगितलं होतं, घरट्यातून उडेपर्यंतचे सलग आकडे आण, तरच प्रबंध होईल, नाहीतर पुढच्या वर्षी मी जागा दुसऱ्याला देईन. म्हणजे माझं शिक्षण त्या तेरा पिल्लांच्या पाठीवर होतं.

आणि नेमका त्याच वेळी गावपळणीचा कौल झाला.

आमच्याकडे दर तीन-चार वर्षांनी अख्खं गाव तीन दिवस शिवेबाहेर जातं. ग्रामदेवतेला कौल लावायचा, तिने होकार दिला की ठरल्या दिवशी माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, मांजरं, सगळं घेऊन व्हाळापलीकडे, म्हणजे गावच्या ओढ्यापलीकडे जायचं. झावळ्यांच्या झोपड्या बांधायच्या, तिथेच रांधायचं, भजनं करायची, पत्ते कुटायचे. मागे गावात चिटपाखरू ठेवायचं नाही. ते तीन दिवस गाव माणसांचं नाही, भुताखेतांचं, असं मानतात. चौथ्या दिवशी पुन्हा कौल, मग परत. लहानपणी मला पळण म्हणजे सणच वाटायची. त्या साली मात्र तारीख ऐकली आणि आधी वहीतले दिवस मोजले.

मी काकांच्या पाया पडायची बाकी ठेवली. म्हटलं, मला रोज सकाळी एक तास आत येऊ द्या, उजेडात येईन, उजेडात जाईन. ते म्हणाले, "मानकऱ्याच्या घरचा माणूस गावात रवला तर बाकीच्यांनी देवाक कित्याक मानूचा?" मानकऱ्याच्या घरचंच कोणी मागे राहिलं तर गाव देवाला कशाला मानेल, हे मलाही पटत होतं. मग मी मनाशी हिशेब केला. पिल्लांचे आई-बाप गावातच राहणार, त्यांना काही कौल लागू नाही. ते चारा भरवतील, ऊब देतील. माझे तीन दिवसांचे आकडे बुडतील, पण पिल्लं जगतील, आणि नंतरचे आकडे मिळतील. एवढा खंड चालेल का हे सरांना विचारायला हवं होतं. म्हणून पळणीच्या दिवशी सकाळी वजनं घेतली, काटा-थर्मामीटर पिशवीत टाकलं आणि ट्रंककॉल लावायला आणि बर्फ आणायला मालवणला गेले. निघताना काकांना एवढंच बोलले, "माझ्या पिल्लांची काळजी वाटते."

एवढं एक वाक्य मी बोलायला नको होतं.

ट्रंककॉलसाठी दोन तास ताटकळले. सर शेवटी भेटले आणि म्हणाले, खंड नको, पण बघू. संध्याकाळी एसटीतून उतरले ती सरळ व्हाळापलीकडच्या झोपड्यांकडे. काका माझी वाटच बघत होते. चेहरा असा खुललेला की मला वाटलं कोणी पाहुणे आलेत. मला हाताला धरून झोपडीमागे नेलं. तिथे कोंबडीचं डालगं होतं, बांबूचं, वर गोणपाट. गोणपाट उचलून म्हणाले, "बघ, तुझी एकूण एक हाडलंय. तेरा. मोजून घे."

भाताच्या पेंढ्यावर माझी तेरा पिल्लं. बाजूला आमची तांबडी कोंबडी आणि तिची सहा पिल्लं. समोर करवंटीत पाणी, आणि मूठभर कणी पसरलेली.

मी खरंच मोजली. मग विचारलं, "काका, तुमी ह्या काय केलात?"

त्यांनी शांतपणे सांगितलं. ज्याला धनी आहे असं कुठलंच जनावर पळणीत मागे ठेवत नाहीत. रानातल्या पाखरांना धनी नाही, ती राहिली तर राहिली. पण ही पिल्लं मी रोज हाताळते, तोलते, त्यांना रंग लावलाय, "माझी" म्हणते. मग ती घरची झाली. घरची झाली तर ती आत कशी ठेवायची? गुडघा धड नसलेल्या त्या माणसाने स्वतः शिडी चढून तिन्ही घरटी उतरवली होती. कोंबडी राखणीला ठेवली होती. वर मला म्हणाले, "तुझ्या शिक्षणाचा काम आसा, मी इसरान काय?"

तळपायाची आग मस्तकात गेली. मी आयुष्यात काकांसमोर आवाज चढवला नव्हता, त्या दिवशी अख्ख्या गावासमोर चढवला. म्हटलं, अहो ही कोंबडीची नव्हेत, ह्यांना कणी टिपता येत नाही, ह्यांना पाणी पिता येत नाही, ह्यांच्या अंगात ऊबच नाही, मी तुम्हाला तीनदा सांगितलं होतं, तुम्ही ऐकत काय होता? कोंबडीच्या पायाखाली लहानांतलं एक आधीच चिरडलं होतं. ते मी उचलून त्यांच्या हातावर ठेवलं. काकांनी त्याच्याकडे बघितलं, डालग्याकडे बघितलं. मग हळूच म्हणाले, "कोंबयेची पिलां बरी आसत मगे." तेवढंच त्यांना दिसत होतं. एका डालग्यात सहा पिल्लं मजेत आणि माझी मरायला टेकलेली, आणि त्यांना त्यातला फरक पिल्लांच्या जातीत न दिसता नशिबात दिसत होता.

मी डालगं उचललं आणि व्हाळाकडे निघाले. अजून तासभर उजेड होता. घरी पोचून घरटी वर ठेवली असती तर चिमण्या कदाचित परत आल्या असत्या. पण देवासमोर गाऱ्हाणं घालून झालं होतं, शीव बंद झाली होती. आईने येऊन माझा दंड धरला. नुसता धरून ठेवला. बाया-बापे सगळे बघत होते. काकाही बघत होते. आणि मी थांबले. भुतांवर माझा तेव्हा काडीचा विश्वास नव्हता, आजही नाही. तरी मी थांबले. विज्ञानाच्या गप्पा मारणारी मी, चार बायका काय म्हणतील म्हणून थांबले. काकांवरचा माझा राग एका पारड्यात आणि स्वतःवरचा दुसऱ्यात, तर हे दुसरं पारडं जड आहे.

मग हातात जे होतं ते केलं. कोंबडी हाकलली. मोजमापं घेतली, कारण दुसरं काही सुचत नव्हतं. दोन दिवसांची पिल्लं उघड्या हवेत दहा मिनिटांत हवेइतकी थंड पडत होती. सहा दिवसांची चौघं एकमेकांना चिकटून असली तर थोडा वेळ टिकायची, एकेकटं केलं की उतरायची. दहा दिवसांच्यांचा पारा जिथल्या तिथे. पाटीवर काकांना काढून दाखवलेलं चित्र त्या डालग्यात जिवंत पडलं होतं.

वाळू चुलीवर तापवून फडक्यात बांधली आणि पिल्लांखाली ठेवली. निवली की पुन्हा तापवायची. उकडलेल्या अंड्याचा बलक काडीच्या टोकाने भरवला. गावातली मुलं नाकतोडे पकडून आणत होती. पण थंड पडलेलं पिल्लू चोचच उघडत नाही, आणि उघडून घातलं तरी पोटात अन्न पचत नाही, तसंच्या तसं गळ्याखाली दिसत राहतं. ज्या रसाने अंगात ऊब येऊन ते पचायचं, तो रस अजून त्यांच्या अंगात उतरलाच नव्हता. माझ्या मायेने तो थोडाच उतरणार होता. सकाळपर्यंत लहान पाचही संपली. मधली चौघं वाळूच्या ऊबेवर ओढत राहिली, एक-एक करून गेली, शेवटचं तिसऱ्या दिवशी दुपारी, माझ्या ओंजळीत. मोठी चार मात्र नाकतोडे मागून मागून खात होती. त्यांच्या ग्रंथी आमच्या गावपळणीच्या एक-दोन दिवस आधीच जाग्या झाल्या होत्या, म्हणून ती जगली.

त्या तीन दिवसांत मी काकांशी एक शब्द बोलले नाही. ते अधूनमधून नाकतोडा पकडून आणायचे आणि माझ्यापासून हातभर अंतरावर ठेवून जायचे.

वही घेऊन विद्यापीठात गेले ती बाडबिस्तरा आवरायच्या तयारीने. सरांनी पानं उलटली, पुन्हा उलटली, आणि म्हणाले, "अगं, हे तर सोनं आहे." घरट्याबाहेर, आई-बापांविना, तिन्ही वयांची पिल्लं एकाच ठिकाणी, एकाच हवेत. मोठ्या चौघांच्या रक्तात त्या रसाचं प्रमाण चांगलं आलं होतं, तेही जुळत होतं. प्रबंध एका झटक्यात उभा राहिला. मी सगळं जसं घडलं तसं लिहिलं होतं. गावपळण, कौल, डालगं, कोंबडी, गरम वाळू. सरांनी ती दोन पानं लाल पेनाने आडवी कापली. "ही काय कथा सांगायची जागा आहे? कोण वाचणार हे? लिही, पिल्ले प्रयोगासाठी घरट्यातून काढून तीन दिवस बाहेर ठेवण्यात आली. वाळूचा उल्लेख नको. काका तर नकोच." मी म्हटलं, सर, पण मी ती काढली नाहीत. सर म्हणाले, "मग कोणी काढली, देवाने?" आणि हसले.

त्या हसण्याचा मला आजही संताप येतो. काकांना कोंबडी आणि चिमणी कळत नव्हती, ठीक आहे, ते कोणाकडे शिकायला गेले होते? ह्या माणसाला सगळं कळत होतं. आणि मलाही कळत होतं. तरी मी ते वाक्य इंग्रजीत टाइप करून आणलं, शेवटच्या पानावर "वरील सर्व माहिती सत्य आहे" याखाली सही केली आणि पास झाले. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी प्रयोगाच्या मांडणीचं खास कौतुक केलं. मी मान खाली घालून थँक्यू म्हटलं.

बांधलेल्या प्रबंधाची एक प्रत घरी नेली. काकांनी ती देवासमोर ठेवली, हळदकुंकू वाहिलं, आणि येईल त्याला सांगत सुटले की पुतणीने चिमण्यांवर पुस्तक लिहिलं, आणि त्यात माझाही हात आहे, चिमण्या मीच उतरवल्या होत्या. ऐकून माझं डोकं फिरायचं. आठ दिवस मी ते सहन केलं. मग एका दुपारी त्यांनी प्रत माझ्यासमोर आणून ठेवली आणि म्हणाले, "पळणीचा खंय लिवलंस ता माका वाचून दाखव. मालवणीत सांग."

मला वाटलं, आता बरा सापडलाय. आता ऐकवतेच. मी पान काढलं आणि एकेक शब्द तोलून सांगितला. नऊ पिलां मेली. ती मुद्दाम घरट्यातून काढली होती, बाहेर ठेवली तर कधी मरतात ता बघूक.

"कोणी काढली?"

"माझा नाव आसा. मी."

काकांनी ते पान स्वतःकडे ओढून घेतलं. अक्षर त्यांना लागत नव्हतं, इंग्रजी तर नाहीच. मग त्यांनी मान वर केली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा ते माझ्यावर चिडले. व्हाळापलीकडे मी सगळ्या गावासमोर ओरडले होते तेव्हाही चिडले नव्हते.

"खोटा कित्याक लिवलंस गो? पिलां मी काढलंय. माझ्या हातान मेली ती. माका समाजला नाय, माझी चूक. पण तू मुद्दाम मारलंस असा लिवन सही केलंस? ह्या शिकाक धाडलंय मी तुका?"

मी म्हटलं, छापलंय काका, आता बदलता येत नाही.

"पेन हाड. खोड ता. माझा पाप माझ्या नावार लिव."

मी पेन आणलं. त्यांच्यासमोर बसून ते वाक्य खोडलं आणि बाजूच्या कोऱ्या जागेत मराठीत लिहिलं की पिल्लं गावपळणीच्या दिवशी माझ्या काकांनी, त्यांना जपावं म्हणून, घरट्यातून काढली. त्यांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि खाली अंगठा उठवला. ती एक प्रत आमच्या घरी आहे. विद्यापीठाच्या ग्रंथालयातल्या दोन प्रती अजून तशाच आहेत, आणि माझ्यानंतर त्या विषयात शिकलेल्या मुलांनी त्याच वाचल्या.